टेबलावरची सीताबर्डी: मिनिएचर सैनिक घडवू पाहणाऱ्या नवख्यांसाठी

मिनिएचर युद्धखेळ म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांच्या पलटणी टेबलावर मांडून, फासे आणि मोजपट्टी यांच्या आधारे, ठरलेल्या नियमांनी लढाई खेळण्याचा छंद होय. हे सैनिक बहुधा रंगवलेले मिळत नाहीत. प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले धड, हात, डोकी आणि शस्त्रे असे सुटे भाग विकत मिळतात, आणि ते कापणे, जोडणे, आपल्याला हवे तसे बदलणे व रंगवणे यातच या छंदाचा बराचसा वेळ जातो. फासे कधी हातात न धरता केवळ सैनिक घडवण्यात रमणारी माणसेही पुष्कळ आहेत, आणि त्यात काही वावगे नाही.

नागपुरात हे काम सुरू करणाऱ्याने विषय शोधायला लांब जाण्याचे कारण नाही. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी अप्पासाहेब भोसले यांचे सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर लढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरब पायदळाने लहान टेकडी घेतली होती, पण ती त्यांच्या हाती टिकली नाही आणि लढाई कंपनीच्या बाजूने फिरली. दोन टेकड्या, मधला सखल भाग आणि आटोपशीर मैदान असल्यामुळे ही लढाई टेबलावर मांडायला सोयीची आहे. अडचण एवढीच, की नेपोलियनच्या काळातील युरोपीय पायदळाचे प्लॅस्टिक संच जगभर मुबलक मिळतात, परंतु नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा असा संच सहसा मिळत नाही. त्यामुळे ‘आधी पेटीत आहे तसे जोडा, बदल नंतर शिका’ हा नवख्यांना नेहमी दिला जाणारा सल्ला इथे फारसा उपयोगाचा नाही. माझ्या मते बदलकामापासूनच सुरुवात करावी, आणि त्यासाठी पहिले उद्दिष्ट बारा अरब सैनिकांचे ठेवावे. अख्ख्या फौजेचे नव्हे. पहिल्याच महिन्यात दोनशे सैनिक मागवणाऱ्यांची कपाटे न उघडलेल्या खोक्यांनी भरलेली असतात.

माप आणि संच

पहिला निर्णय मापाचा. सर्वाधिक प्रचलित माप २८ मिलिमीटरचे असून त्यात सैनिकाची उंची साधारणपणे तळपायापासून डोळ्यांपर्यंत मोजली जाते. १५ मिलिमीटरच्या सैनिकांत मोठी लढाई लहान जागेत मावते, पण त्यांच्यावर चाकू आणि पुट्टी चालवणे नवख्याला जमत नाही. १/७२ या प्रमाणातले सैनिक स्वस्त मिळतात आणि म्हणून मोह होतो. मात्र त्यांतले बहुतेक मऊ, लवचीक प्लॅस्टिकचे असतात, ज्यावर गोंद नीट धरत नाही आणि वाकवल्यावर रंगाचे पोपडे निघतात. बदलकाम करायचे असेल तर २८ मिलिमीटर आणि पॉलिस्टायरीन नावाचे कडक प्लॅस्टिक हीच जोडी निवडावी.

अरब सैनिकांसाठी दोन निरनिराळ्या संचांची मोडतोड करून एक करावा लागतो. ग्रिपिंग बीस्ट या कंपनीचे मध्ययुगीन अरब पायदळ घेतले, तर पायघोळ अंगरखे आणि फेटे आयते मिळतात. पेरी मिनिएचर्स किंवा व्हिक्ट्रिक्स यांच्या नेपोलियनकालीन पायदळाच्या संचातून बंदुका आणि बंदूक धरलेले हात घ्यावेत. दोन कंपन्यांच्या २८ मिलिमीटरमध्ये फरक असतो; एकीचे सैनिक अंगाने सडपातळ, तर दुसरीचे हात दणकट असू शकतात. म्हणून मागवण्यापूर्वी दोन्हींची शेजारीशेजारी ठेवलेली छायाचित्रे अवश्य पाहावीत. हे संच बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतात, आणि टपालखर्च व सीमाशुल्क धरून हिशेब केला तर एका मित्रासोबत संच वाटून घेणे परवडते. हल्ली रेझिनमध्ये, म्हणजे कडक होणाऱ्या द्रव राळेत, थ्रीडी प्रिंट काढून देणारेही शहरात सापडतात. तो मार्ग चांगला आहे, पण फाइल रीतसर विकत घेतलेली असावी आणि प्रिंट पूर्ण कडक झालेली असावी, कारण कच्चे रेझिन त्वचेला बाधते.

हत्यारे

हत्यारांसाठी मात्र परदेशाकडे पाहण्याची गरज नाही. इतवारीच्या सराफा बाजाराच्या आसपास सोनारकामाची हत्यारे विकणारी दुकाने आहेत. तिथे बारीक कानशींचा संच, हाताने फिरवायचे छोटे ड्रिल, त्याची एक मिलिमीटर किंवा त्याहून बारीक पाती, पितळी तार आणि चिमटे मिळतात. सपाट धारेचे निप्पर (कापायची छोटी पक्कड) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, बदलता येणाऱ्या टोकदार पात्यांचा कटर स्टेशनरीच्या दुकानात आणि ४०० ते १००० नंबरचे पॉलिश पेपर हार्डवेअरमध्ये मिळतील. बोथट पाते निसटते आणि बोटात शिरते, म्हणून पाते बदलण्यात कंजुषी करू नये. कापताना पात्याची दिशा नेहमी आपल्या बोटांपासून दूर असावी.

गोंद दोन प्रकारचे लागतात आणि त्यांत गल्लत होता कामा नये. पॉलिस्टायरीनसाठीचे प्लॅस्टिक सिमेंट दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करते, त्यामुळे सांधा पक्का होतो. रेझिन आणि धातूवर मात्र ते काहीच करत नाही. त्यांच्यासाठी फेविक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट गोंद वापरावा. हा गोंद हवेतील ओलाव्यामुळे धरतो, म्हणून मे महिन्याच्या कोरड्या दुपारी तो नेहमीपेक्षा उशिरा घट्ट होतो. सांध्यावर तोंडाची वाफ सोडली किंवा फटीत चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला तर तो लगेच आवळतो.

कापणे आणि जोडणे

भाग चौकटीपासून तोडताना निप्पर भागाला चिकटवून न धरता थोडे अंतर ठेवून कापावे आणि उरलेला ठिपका कटरने हळूहळू तासावा. एका झटक्यात कापल्यास प्लॅस्टिक पांढरे पडते किंवा टवका उडतो. त्यानंतर प्रत्येक भागावर साच्याच्या दोन बाजू जिथे मिळतात तिथली बारीक उंचवट्याची रेघ शोधावी. ती सहज लक्षात येत नाही, पण रंग चढल्यावर सैनिकाच्या गालावरून टाका घातल्यासारखी उमटते. कटरचे पाते काटकोनात धरून नुसते खरवडल्याने ती निघते. साच्यात ओतलेले रेझिनचे भाग असतील तर साच्यातले तेलकट द्रव्य काढण्यासाठी ते भांडी धुण्याच्या साबणाने धुवावेत, आणि रेझिन घासताना ते ओले ठेवून तोंडाला मास्क लावावा, कारण त्याची भुकटी छातीत जाणे चांगले नाही.

गोंद लावण्याआधी सगळे भाग कोरडेच जुळवून पाहावेत. ज्या भागामुळे छाती किंवा चेहरा झाकला जाईल, उदाहरणार्थ आडवी धरलेली बंदूक किंवा ढाल, तो रंगकामानंतर चिकटवण्यासाठी वेगळा ठेवावा. चौकटीचे उरलेले तुकडे फेकू नयेत; ते बारीक करून प्लॅस्टिक सिमेंटच्या अर्ध्या रिकाम्या बाटलीत टाकले की रात्रभरात दाट लापशी तयार होते आणि सांध्यांतील फटी भरायला तिच्यासारखे दुसरे काही नाही.

एका सैनिकाचा बदल

आता मुख्य काम. मध्ययुगीन भालाईताचा अरब बंदूकधारी कसा करायचा, हे एका आकृतीवर सविस्तर पाहू.

सर्वप्रथम खरी शस्त्रे पाहावीत. सिव्हिल लाइन्समधील मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे आणि तिथल्या शस्त्रदालनात जुनी हत्यारे जवळून पाहता येतात. भारतीय आणि अरबी तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार उडवायच्या, बंदुकीचा दस्ता सरळ व सडपातळ असतो, नळी लांब असते, आणि युरोपीय चकमकीच्या बंदुकीवर दिसतो तसा चकमक धरणारा जाड घोडा तिच्यावर नसतो. ही तीन वैशिष्ट्ये साधली की टेबलाच्या पलीकडून पाहणाऱ्याला बंदूक ओळखू येते.

युरोपीय संचातील बंदूकधारी हात घेऊन कटरच्या टोकाने बंदुकीवरील घोडा आणि त्याच्या पुढची पोलादी पट्टी कापून जागा सपाट करावी. दस्त्याचा खालचा फुगीर भाग कानशीने दोन्ही बाजूंनी घासून निमुळता करावा. नळीला पुढे टोचलेली संगीन छाटून टाकावी आणि नळी अपुरी वाटल्यास टोकाला बारीक भोक पाडून त्यात चार मिलिमीटर पितळी तार बसवावी. शेवटी विजेच्या मऊ वायरमधला एकच तांब्याचा धागा घेऊन त्याला किंचित पीळ द्यावा आणि दस्त्याभोवती दोन वेढे देऊन टोक मोकळे सोडावे. हा जळता तोडा. रंगवताना त्याच्या टोकाला नारिंगी ठिपका द्यायचा आहे.

त्यानंतर भालाईताचे दोन्ही हात खांद्यापाशी कापून नवे हात जुळवावेत. खांद्याचा कोन बहुधा जुळत नाही. दोन्ही पृष्ठभाग घासून, गरज पडल्यास तारेची खुंटी घालून हात बसवावा आणि बाहीची उरलेली पोकळी पुट्टीने भरावी. या कामासाठी ‘ग्रीन स्टफ’ नावाची पुट्टी जगभर वापरतात. तिच्या निळ्या आणि पिवळ्या पट्ट्या समप्रमाणात मळल्या की हिरवा गोळा तयार होतो, तो तासभर तरी घडवता येतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत रबरासारखा कडक होतो. पट्टीत निळा-पिवळा जिथे एकमेकांना चिकटलेले असतात तो मधला भाग आधीच कडक झालेला असतो. तो कापून टाकावा, नाहीतर घडवताना कण लागतात. उन्हाळ्यात ही पुट्टी घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावी. घरोघरी असणारे एमसील स्वस्त असले तरी ते रवाळ असल्यामुळे कपड्याच्या चुण्या त्यात उमटत नाहीत. ते खडक आणि जमिनीसाठी राखून ठेवावे.

संचातील फेटे पुरेसे नसतील किंवा सगळे एकसारखे वाटत असतील, तर फेटा स्वतः बांधावा. डोक्याचा वरचा भाग घासून सपाट करावा. पुट्टीची सुतळीहून बारीक वळी करून ती कपाळापासून मागे तिरपी फिरवावी, तिच्यावर दुसरी वळी उलट्या तिरकसपणे द्यावी आणि मध्ये उघडी राहिलेली जागा वाटाण्याहून लहान गोळीने भरावी. ओल्या सुईच्या अंगाने, टोकाने नव्हे, वळीवर लांबट रेघा दाबल्या की कापडाचे पदर दिसू लागतात. हत्यार आणि बोटे सतत पाण्याने ओली ठेवावीत. एक पदर कानामागे सुटा सोडला तर आकृतीला जिवंतपणा येतो, पण बाराच्या बारा जणांना तो देऊ नये. कमरेला जंबिया, म्हणजे वाकडा अरबी खंजीर, हवाच: उरलेल्या कोणत्याही खंजिराचे म्यान उकळत्या पाण्यात मऊ करून टोकाशी वाकवले की काम भागते.

कंपनीच्या बाजूसाठी असे कष्ट कमी पडतात. तिथे मद्रासचे पायदळ आणि बंगालचे घोडदळ होते, त्यामुळे लाल कोटाचे युरोपीय सैनिक घेऊन डोकी तेवढी बदलावी लागतात.

प्राइमर आणि नागपूरची हवा

कोऱ्या प्लॅस्टिकवर अॅक्रिलिक रंग टिकत नाही, म्हणून आधी प्राइमरचा थर द्यावा लागतो. मोटारींच्या रंगाच्या दुकानात मिळणारा करडा स्प्रे प्राइमर चालतो. मात्र काही प्राइमरमधील द्रावक प्लॅस्टिक मऊ करतो, म्हणून तो आधी चौकटीच्या तुकड्यावर मारून पाहावा. डबा चांगला हलवून, सुमारे पंचवीस सेंटिमीटर अंतरावरून, छोटे छोटे फवारे मारत पुढे जावे. एकाच वेळी झाकून टाकण्याचा अट्टहास केला तर चेहऱ्याचे नाकडोळे भरून जातात.

हे काम केव्हा करायचे, हा नागपुरात खरा प्रश्न आहे. नवतपात, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा फवाऱ्यातील कण सैनिकापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत सुकतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरबरीत होतो. पावसाळ्यात ओलाव्यामुळे मॅट (चकाकी नसलेल्या) वार्निशवर पांढुरकी साय येते. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, ऊन जरा वर आल्यावर, गच्चीवर वर्षभराचे स्प्रेकाम उरकून घ्यावे आणि मे महिना कापण्या-जोडण्यासाठी ठेवावा. ज्याला थांबवत नसेल त्याने ब्रशने लावायचा प्राइमर वापरावा. तो वेळखाऊ आहे, पण त्याला ऋतू लागत नाही.

कूलरचेही थोडे सांगायला हवे, कारण बाहेरून आलेल्या कोणत्याही मार्गदर्शिकेत त्याचा उल्लेख नसतो. कूलरच्या झोतात बसून रंगवू नये: पॅलेटवरचा रंग मिनिटभरात सुकतो आणि सुटी डोकी टेबलाखाली जातात. कूलर सुरू असलेल्या बंद खोलीत हवा दमट असते, म्हणून तिथे वार्निशही करू नये. उन्हाळ्यात ओला पॅलेट जवळजवळ अनिवार्य आहे. घट्ट झाकणाच्या चपट्या डब्यात ओला स्पंज किंवा टिश्यूचे थर पसरावेत आणि त्यावर केक भाजण्यासाठी वापरतात तो बेकिंग पेपर ठेवावा. त्यावरचा रंग झाकण लावले की दुसऱ्या दिवशीही ओला राहतो. पाण्यात बुरशीचा वास येऊ लागला तर स्पंज बदलावा.

रंगकाम

व्हॅलेहो, सिटाडेल यांसारखे मिनिएचरसाठीचे खास रंग चांगले असतात, परंतु सुरुवातीला कॅम्लिनचे अॅक्रिलिक रंग पाण्याने पातळ करून वापरले तरी चालेल. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर केव्हाही बरे. रंग दुधासारखा वाहता हवा. ब्रश १ किंवा २ नंबरचा गोल आणि टोक एकवटणारा घ्यावा. शून्याच्या पुढचे केसाएवढे ब्रश नवख्याला आकर्षक वाटतात, पण त्यांत रंग साठत नाही आणि टोकावरच सुकतो. ब्रशच्या धातूच्या बांगडीपर्यंत रंग चढू देऊ नये आणि काम संपल्यावर साबणाने धुऊन टोक वळवून ठेवावे.

त्वचेसाठी परदेशी कंपन्यांचा ‘फ्लेश’ नावाचा गुलाबीसर रंग इथे कामाचा नाही. बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर यांच्या मिश्रणात अगदी थोडा पांढरा टाकून गव्हाळ ते सावळ्या छटा कराव्यात आणि बारा सैनिकांत तीन-चार वेगवेगळ्या छटा वापराव्यात. सावलीसाठी काळा न मिसळता बर्न्ट अंबर मिसळावा. पांढरे अंगरखे पांढऱ्याने सुरू करू नयेत. आधी फिकट मातकट रंग द्यावा, खोलगट चुण्यांत तपकिरी वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग, सोडावा आणि तो पूर्ण सुकल्यावर केवळ उंचवट्यांवर मोतिया पांढरा लावावा. भगव्या झेंड्याचा रंग करड्या प्राइमरवर मळकट दिसतो, कारण नारिंगी व पिवळे रंग पारदर्शक असतात. त्याखाली आधी पांढऱ्याचा किंवा यलो ऑकरचा थर असावा. धातूचे भाग शेवटी रंगवावेत आणि त्यांचे पाणी बदलावे, नाहीतर चमकीचे कण सगळ्या सैनिकांवर फिरतात.

महालातील चितार ओळीत मूर्तिकार डोळ्यांची आखणी अगदी शेवटी करतात. मिनिएचरमध्ये डोळे चेहऱ्याबरोबर सुरुवातीलाच करावेत, म्हणजे चूक झाली तर त्वचेच्या रंगाने सावरता येते. खरे तर पहिल्या बारा सैनिकांच्या डोळ्यांत पांढरा रंग देऊच नये. हातभर अंतरावरून डोळा म्हणजे एक गडद रेघ असते आणि ती तपकिरी वॉशने आपोआप उमटते. पांढरे ठिपके देऊन दचकलेले सैनिक करण्यापेक्षा हे पुष्कळ बरे दिसते.

जमीन आणि टेकडी

सैनिक ज्यावर उभा राहतो त्या बेससाठी २५ मिलिमीटरच्या गोल चकत्या पुरतात. त्यावर फेविकॉल पसरून चहाच्या गाळणीने चाळलेली कन्हानची रेती दाबावी. रेती आधी कढईत कोरडी भाजून घ्यावी, म्हणजे ओलावा आणि किडे दोन्ही जातात. ती सुकल्यावर पाण्याने पातळ केलेला फेविकॉल वरून पुन्हा सोडावा, नाहीतर हाताळताना रेती झडते. गडद तपकिरी रंग देऊन कोरड्या ब्रशने फिकट मातकट छटा घासली की नोव्हेंबरमधली वऱ्हाडाकडची काळी जमीन दिसू लागते. गवतासाठी बाजारातील हिरवेगार झुपके मुळीच नकोत. उन्हाळा संपल्यावर कूलरची जी ताटी आपण फेकून देतो, तिच्यातील लाकडी गवत कात्रीने बारीक चिरले की सुकलेल्या कुसळीसारखे दिसते. तेच जरा लांब कापून झोपड्यांच्या छपरावर घालता येते.

टेकडीसाठी यंत्रांच्या खोक्यांतून येणारे पॅकिंगचे थर्माकोल वापरता येईल, पण त्यावर स्प्रे किंवा फेविक्विक पडल्यास ते विरघळून खड्डे पडतात. आधी फेविकॉल आणि कागदाचा थर देऊन ते पूर्ण झाकावे आणि मगच रंगवावे. इमारतींसाठी सनबोर्ड सोपा पडतो. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशी लोकांसाठी उघडला जातो. उतार किती आहे आणि वरून शहर कोणत्या बाजूला कसे पसरते, हे त्या दिवशी जाऊन पायाखाली पाहून घ्यावे. आज मधल्या सखल भागात इतकी गजबज आहे की खालून दोन टेकड्यांचा अंदाज येत नाही.

वार्निश आणि ठेवण

खेळताना सैनिक सतत हाताळले जातात, म्हणून आधी ग्लॉस वार्निशचा एक थर आणि त्यावर मॅटचा एक थर द्यावा. मॅटवर साय आलीच तर कोरड्या दिवशी पुन्हा ग्लॉस मारून पाहावे. पुष्कळदा ती निघून जाते. प्रत्येक बेसखाली लहान चुंबक चिकटवून सैनिक लोखंडी पत्र्याच्या चपट्या पेटीत उभे ठेवले तर ते एकमेकांवर आदळत नाहीत आणि धंतोलीहून मानकापूरला खेळायला नेतानाही शाबूत राहतात. ही पेटी उन्हाळ्यात बंद कारमध्ये ठेवू नये, कारण रेझिनच्या बंदुका आणि भाले तेवढ्या उष्णतेने वाकतात. वाकलेच तर तो भाग गरम पाण्यात अर्धा मिनिट धरून बोटांनी सरळ करावा आणि तसाच धरून लगेच थंड पाण्यात बुडवावा.